वर्ष आहे की अजून!

परवा रात्री मावसभावाचा फोन आला. मी ख्रिसमसच्या सुट्टीत सालवडला आलोय. इथे साडेअकरा वाजून गेलेले, घरात सगळे झोपलेले. तिकडे म्युनिकमध्ये संध्याकाळचे सात. चार महिन्यांपूर्वी त्याला मुलगा झालाय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "दादा, पोराच्या पासपोर्टचं बघायचंय. पण तशी घाई नाहीये ना? वर्ष असतं ना?"

म्हटलं, "नाही रे बाबा. उद्या सकाळी उठलास की आधी अपॉइंटमेंट घे."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग पाऊण तास फोनवर जे बोललो तेच आज इथे लिहितोय. कारण हा प्रश्न विचारणारा तो पहिला नाही, आणि २०१९ साली मी स्वतः हेच म्हणत होतो. "वर्ष आहे की अजून!"

आपल्यापैकी बहुतेकांचा समज असा असतो की आई भारतीय, बाप भारतीय, म्हणजे पोर आपोआप भारतीय. पासपोर्ट काय, एक छोटी वही. फॉर्म भरा, पैसे भरा, वही मिळते. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्ड आधीच तयार आहे, फक्त प्रिंटआउट काढायचा बाकी आहे. तर मंडळी, घोटाळा इथेच आहे. रेकॉर्डच तयार नसतं.

नागरिकत्व कायदा १९५५ चा. परदेशात जन्मलेल्या मुलांची गोष्ट त्याच्या चौथ्या कलमात आहे. आधी नागरिकत्व फक्त बापाकडून यायचं. आई भारतीय आणि बाप परदेशी असेल तर पोर भारतीय नाही, असा कारभार १० डिसेंबर १९९२ पर्यंत चालला (हे मला कळलं तेव्हा मी दोनदा तारीख तपासली). मग आईचंही चालू लागलं. आणि ३ डिसेंबर २००४ पासून नवी अट आली: परदेशातला जन्म एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत नोंदवायचा, आणि या मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. म्हणजे फाईल दिल्लीला.

बरं, मग पोर जिथे जन्मलं तिथलं तरी नागरिक असतं का? अमेरिकेत असतं. म्हणून न्यू जर्सीतल्या मित्रांना या भानगडीची गंधवार्ताही नसते. जर्मनीत तसं नाही. २००० सालापासून तिथे नियम असा होता की आई किंवा बाप आठ वर्षं कायदेशीर राहिलेला हवा आणि त्याच्याकडे कायमच्या वास्तव्याचा परवाना हवा, तरच पोर जन्माने जर्मन. जून २०२४ मध्ये आठाची पाच वर्षं झाली. आखातात तर जन्माने नागरिकत्व मिळत नाहीच. म्हणजे आमच्यासारखं चार वर्षांपूर्वी आलेलं जोडपं दवाखान्यातून पोर घेऊन घरी येतं तेव्हा ते पोर जर्मन नसतं आणि कागदोपत्री अजून भारतीयही झालेलं नसतं. पाळण्यात मजेत हातपाय हलवत असतं, एवढंच.

आता आमची गोष्ट.

लेक मार्च २०१९ मध्ये ड्रेस्डेनला झाली. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं, आत्या कानात नाव सांगणार, तोवर पोर 'बाळ' म्हणून खुशाल वावरतं. तिथे जन्माची नोंद आठवड्यात करायची. नाव ठरलेलं नसेल तर फार तर महिनाभर थांबतात. आमच्या बहिणीने सालवडहून व्हिडिओ कॉलवर, नेट तुटत असताना, तीनदा कुर्र करून नाव सांगितलं. चौथ्या वेळी ऐकू आलं.

नोंदणी कार्यालयात मी सवयीने तीन नावं लिहिली: तिचं, माझं, आडनाव. तिथल्या बाईंनी मधल्या नावावर पेन्सिल टेकवली. हे तर पुरुषाचं नाव दिसतंय, मुलीला का? मी समजावलं की आमच्याकडे मधे बापाचं नाव असतं. त्यांनी ऐकून घेतलं, पण 'दुसरं नाव' आणि 'बापाचं नाव' यांतला फरक मांडायला त्यांच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. (जर्मनीत हे नावांचं प्रकरण कुठवर जातं बघा. भारतीय वंशाच्या एका कुटुंबाने मुलीचं नाव 'किरण' ठेवलं, त्यावरून मुलगा की मुलगी हे कळत नाही म्हणून वाद झाला आणि तो थेट तिथल्या घटनात्मक न्यायालयात पोचला. २००८ साली न्यायालय म्हणालं, ठेवू द्या.) मी कोर्टात जाणाऱ्यांतला नाही. मधलं नाव काढून टाकलं. आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बापाचं नावच नाही? मग पोरगी कुणाची म्हणायची?"

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी आईचं आणि मग बापाचं नाव लागेल. चांगलंच केलं. पण माझ्या लेकीच्या पासपोर्टात दोघांचंही मधे नाही. असो.

मग एप्रिल गेला, मे गेला. रात्री झोप नाही, ऑफिसात रिलीज, सासूबाई आलेल्या. पासपोर्टचा विषय निघाला की मी म्हणायचो, वर्ष आहे की अजून. जुलैअखेरीस बायकोने एक कागद समोर ठेवला. आपल्याला एक वर्ष दिलंय भारताने. जर्मनीने सहा महिने दिलेत. तिथे जन्मलेल्या मुलासाठी राहण्याच्या परवान्याचा अर्ज सहा महिन्यांत करायचा असतो आणि त्याला मुलाचा पासपोर्ट लागतो. पासपोर्ट हवा तर आधी वकिलातीत जन्माची नोंद. मी दिवसभर लोकांना डिपेंडन्सी समजावून सांगतो, पगार त्याचाच घेतो. घरातली ही एक दिसली नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाच महिन्यांचं पोर घेऊन दोन तासांच्या गाडीने बर्लिन. आपली वकिलात टियरगार्टनश्ट्रासवर आहे. बागेला लागून दूतावासांची रांग, त्यात राजस्थानातून आणलेल्या लाल दगडाची आपली इमारत लांबूनच ओळखू येते. आत गेलं की मात्र एकदम बोईसर स्टेशनचं तिकीटघर. विद्यार्थी, पंजाबी आजोबा, रडणारी पोरं, एका हातात फाईल आणि दुसऱ्या हातात दुधाची बाटली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

तुम्हाला आता एम्बसीला शिव्या ऐकायची अपेक्षा असेल. परदेशातल्या मराठी मंडळांच्या गणपतीत जेवणानंतरचा हा आवडता कार्यक्रम असतो. पण आमच्याशी तिथे कुणी वाईट वागलं नाही. त्या दिवशी जे अडलं ते सगळं माझ्यामुळे.

पहिला फोटो. जर्मन मशीनमधून निघतो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, त्या वेळी आपल्याला हवा होता दोन इंच बाय दोन इंच. तो मी काढून आणला होता, पण त्यात बायकोचा हात दिसत होता. पुन्हा काढला. मग सहीच्या जागी अंगठा. पाच महिन्यांच्या पोराची मूठ कधी उघडायचा प्रयत्न केलाय? आम्ही दोघं आणि रांगेतल्या एक अनोळखी बाई, तिघांनी मिळून एक अंगठा सोडवला. शाई माझ्या शर्टाला, बायकोच्या ओढणीला आणि थोडी त्या चौकटीत. आमची आजी शाळेत गेली नव्हती. बँकेत काय, रेशनच्या दुकानात काय, ती अंगठाच लावायची आणि तिला त्याची लाज वाटायची. म्हटलं तिला सांगू, तुझी पणतीही अंगठाबहाद्दर.

मग जन्मनोंदणीचा अर्ज, ज्यात आईबापाचीही सगळी कुंडली लागते. जन्मठिकाणापुढे मी लिहिलं सालवड. खिडकीतले साहेब पासपोर्ट बघून म्हणाले, इथे तर बोईसर आहे. बरोबर होतं त्यांचं. २०१० साली पासपोर्ट काढताना मीच बोईसर लिहिलं होतं, कारण सालवड कुणाला माहीत असणार? मधे एमआयडीसीचा रस्ता, तेवढंच अंतर, काय फरक पडतो. पत्त्यात पासपोर्टवर जिल्हा ठाणे, अर्जावर जिल्हा पालघर. "गाव हललं का तुमचं?" ते हसत म्हणाले. म्हटलं, गाव तिथेच आहे साहेब, १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा हलला. ते चाललं. पण जन्मठिकाण पासपोर्टप्रमाणेच लिहावं लागलं. त्यामुळे भारत सरकारच्या एका नोंदीत लेकीचा बाप कायमचा बोईसरला जन्मलाय. चोवीसाव्या वर्षी मारलेली थाप अशी भोवते.

आणि शेवटी लग्नाचं प्रमाणपत्र. आमच्या पासपोर्टांत एकमेकांची नावं नव्हती, बायकोने आडनाव बदललेलं नाही, तेव्हा हे दोघं नवराबायको कशावरून? प्रमाणपत्राची झेरॉक्स होती. मूळ प्रत ड्रेस्डेनला कपाटात. यादीत 'मूळ आणि प्रत' असं स्वच्छ लिहिलं होतं. मी ती यादी ट्रेनमध्ये वाचली.

त्या दिवशी परत. पुढची अपॉइंटमेंट दोन आठवड्यांनी मिळाली, तेव्हा सगळं सुरळीत झालं. आता पासपोर्ट पोस्टाने यायची वाट बघायची.

ऑगस्टच्या अखेरीस आजी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय एक्क्याण्णव. वडील म्हणाले, येता आलं तर या, तिला पणतीला बघायचंय. मी वकिलातीला फोन केला. अशा वेळी इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळू शकतं, तो भारतात जाण्यापुरता एकेरी कागद. पण परत कसं यायचं? ना लेकीचा पासपोर्ट हातात, ना जर्मनीचा परवाना. गेलो तर आई आणि लेक किती महिने तिकडे अडकतील सांगता येईना. मी एकटा आलो. गणपती बसलेले होते. आजीला फोनवर पणती दाखवली. तिला स्क्रीनवर नीट दिसत नव्हतं, ती मोबाईलच्या काचेला हात लावत होती. आजी दहा दिवसांनी गेली. पासपोर्ट त्यानंतर तीन आठवड्यांनी आला. जन्मठिकाण ड्रेस्डेन, राष्ट्रीयत्व भारतीय, आणि चौकटीत तो अर्धामुर्धा अंगठा.

एप्रिलमध्ये अर्ज केला असता तर? हे गणित मी पुष्कळदा करून बघितलंय. दरवेळी उत्तर तेच येतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. माझी चूक ती माझी, तिची किंमत मी मोजली. पण पोराचं नागरिकत्व आईबापाच्या टापटिपीवर टांगणारा हा नियम मला पटत नाही. भारतात जन्म झाला तर एकवीस दिवसांत नोंद करायची असते. उशीर झाला तर विलंब शुल्क. वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश. कटकट भरपूर, पण त्या काळात ते पोर भारतीय नव्हतं असं कुणी म्हणत नाही. नोंद हा पुरावा असतो, नागरिकत्व त्याच्या आधीच असतं. परदेशातल्या पोराच्या बाबतीत मात्र पुरावा आणि नागरिकत्व एकच करून टाकलंय. उशिराचा दंड हवा तर आईबापाकडून घ्या. दुप्पट घ्या. पोराला रांगेत मागे का ढकलता?

याला उत्तर दिलं जातं ते असं: आपण दुहेरी नागरिकत्व देत नाही, मग पोराने दुसरा पासपोर्ट घेतलाय की नाही हे सरकारला कळायला नको? बरोबर आहे, कळायला हवंच. त्यासाठी ते हमीपत्र आहे ना. ते पहिल्या वर्षी लिहून घ्या किंवा तिसऱ्या वर्षी, त्यात लिहिलेलं तेच राहतं. वर्षाच्या भिंतीने दुहेरी पासपोर्टवाला पकडला जात नाही. पकडला जातो तो कुठलाच पासपोर्ट नसलेला.

आणि कुठलाच नसणं म्हणजे काय ते याच दोन देशांमध्ये एकदा घडलेलं आहे, फक्त उलट्या दिशेने. जानेवारी २००८ मध्ये यान बालाझ या जर्मन माणसाची जुळी मुलं गुजरातेत आणंदला सरोगसीने जन्मली. जर्मनी सरोगसी मानत नाही, त्यामुळे जर्मन पासपोर्ट नाही. आपल्याकडे आई कोण यावरून वाद. गुजरात उच्च न्यायालयाने २००९ मध्ये मुलांना भारतीय ठरवलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि मुलांना घेऊन बाप जर्मनीला जाऊ शकला तेव्हा मे २०१० उजाडला होता. दोन वर्षांहून जास्त. चालायला, बोलायला शिकली असतील ती तोवर. राष्ट्रहीनता कमी करण्याबद्दल १९६१ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने त्यावर सही केलेली नाही.

अमेरिकेतले मित्र म्हणतील, आमचं काय बिघडलं? २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी आदेश काढला की आईबाप तात्पुरत्या व्हिसावर असतील तर पोराला जन्माने नागरिकत्व नाही. एच-वन-बीवाले त्यातच आले. न्यायालयांनी त्या वर्षी अंमलबजावणी रोखली, पण त्या आठवड्यात मला तिथून तीन फोन आले. एकाने विचारलं, "आपल्या कॉन्सुलेटमध्ये पोराची नोंद करतात म्हणे, ती कशी करायची?" कॅलिफोर्नियात सोळा वर्षं काढलेला माणूस ड्रेस्डेनवाल्याला विचारत होता.

इथे सालवडला बसून हे लिहिताना मला आमचं रडगाणं थोडं लाडावलेलंही वाटतं, तेही सांगतो. जूनमध्ये पालघरच्या तहसील कचेरीत जाऊन बघा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला. आदिवासी पोराला जातीचा दाखला हवा तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधी घरचे इथेच राहत होते याचा पुरावा मागतात. पणजोबांचा शाळेचा दाखला आणा म्हणे. पणजोबा शाळेत गेलेच नव्हते, आमच्या आजीसारखेच. माझ्या वर्गातला एक वारली मुलगा बारावीनंतर दोन वर्षं त्या दाखल्यापायी थांबला. तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "अरे, वेळेवर काढून ठेवायचा ना!" मी, ज्याने यादी ट्रेनमध्ये वाचली. आमची तक्रार आणि त्याची तक्रार सारखी नाही, त्याचं खूप जास्त गेलं. पण दोन्हीकडे तर्क एकच आहे: मोठ्यांनी कागद केला नाही, म्हणून पोराने थांबायचं.

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, म्हणून २०२४ मध्ये लेकीला घेऊन पुन्हा बर्लिनला गेलो. या वेळी मूळ कागद, प्रती, प्रतींच्या प्रती, सगळं. खिडकीवर पाच मिनिटांत काम झालं. तिने स्वतःचं नाव देवनागरीत लिहिलं, चौकटीच्या जरा बाहेर गेलं. बाईंनी विचारलं, "कहां से हो बेटा?" ती म्हणाली, "सालवड." बाईंना कळलं नाही. मी "बोईसर" म्हणणार होतो, पण गप्प बसलो.

मावसभावाचा आज सकाळी मेसेज आलाय. म्युनिकच्या कॉन्सुलेटची मंगळवारची अपॉइंटमेंट मिळाली. विचारतोय, लग्नाचं सर्टिफिकेट फोनमध्ये दाखवलं तर चालेल का. मी त्याला आत्ता फोन लावतोय.